मुलं वाढली की मोजणी वाढली?



हल्ली एक नवा शब्द आपल्या कानावर येतो. तो शब्द म्हणजे 'ऑटिझम'. मराठीत त्याला 'स्वमग्नता' म्हणतात. शहरातल्या लोकांना हा शब्द चांगला माहीत झाला आहे. आता तो आपल्या अंगणवाडीपर्यंत आला आहे.

शब्दाबरोबर भीतीही आली. लोक म्हणतात, "आमच्या लहानपणी अशी मुलं नव्हती. आताच कुठून आली?" कोणी लशीला दोष देतं. कोणी आईला दोष देतं. कोणी म्हणतं, हा देवाचा कोप आहे.

अशी मुलं खरंच वाढली आहेत काय? की ती पूर्वीही होती, पण त्यांना कोणी मोजत नव्हतं? हा वाद मोठमोठ्या डॉक्टरांतही चालू आहे. तो आपणही समजून घेतला पाहिजे. कारण चुकीचं उत्तर धरून बसलं, तर त्यात नुकसान आपल्याच लेकरांचं होतं.

स्वमग्नता म्हणजे काय?

'स्व' म्हणजे आपण स्वतः. 'मग्न' म्हणजे गढून गेलेला. जे मूल आपल्यातच गढून गेल्यासारखं दिसतं, ते स्वमग्न.

अशा मुलाला हाक मारली तर ते वळून पाहत नाही. पण बाहेर बैलाच्या घुंगराचा आवाज झाला, की लगेच कान देतं. म्हणजे ते बहिरं नसतं. ते डोळ्याला डोळा देत नाही. भूक लागली तर बोटानं भाकरी दाखवत नाही. आईचा हात धरून ओढत नेतं. बोलणं उशिरा येतं, किंवा येतच नाही. काही मुलं तेच ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात. काही मुलं तासन्‌तास खडे ओळीनं मांडत बसतात. ओळ मोडली तर आकांत करतात. होळीचा ढोल वाजला, सारंगखेड्याच्या जत्रेत गर्दी झाली, की कान दाबून रडतात.

सगळी मुलं सारखी नसतात. एखाद्याला मुळीच बोलता येत नाही. एखादं बोलतं, वाचतं, हिशेबही करतं, पण चार माणसांत त्याला वागता येत नाही. दोघंही स्वमग्नच.

हे वेड नव्हे. हा संसर्गाचा रोग नव्हे. मेंदूची वाढ जन्माआधीपासूनच थोड्या निराळ्या रीतीनं होते, म्हणून असं घडतं. त्यात रक्ताच्या नात्यानं येणाऱ्या गुणांचा वाटा मोठा आहे. जुळ्या मुलांचा अभ्यास करून हे कळलं आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी परदेशातले काही पंडित म्हणत, की आईनं माया केली नाही म्हणून मूल असं झालं. ती गोष्ट खोटी ठरली. तेव्हा आईला दोष देणं सोडून द्यावं.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेत सरकार दर दोन वर्षांनी आठ वर्षांच्या मुलांची पाहणी करतं. सन २००० मध्ये तिथं १५० मुलांमागे १ मूल स्वमग्न आढळलं. सन २०१० मध्ये ६८ मुलांमागे १. सन २०२० मध्ये ३६ मुलांमागे १. सन २०२२ मध्ये ३१ मुलांमागे १.

हे आकडे ऐकून कोणाचीही छाती धडधडेल. बावीस वर्षांत जवळजवळ पाचपट! एखादी साथ पसरावी तशी ही वाढ वाटते.

पण जरा थांबा. त्याच २०२२ सालच्या पाहणीत आणखी एक गोष्ट आहे. टेक्सास राज्यातल्या एका ठिकाणी १,००० मुलांत १० सुद्धा स्वमग्न मुलं आढळली नाहीत. कॅलिफोर्निया राज्यातल्या एका ठिकाणी १,००० मुलांत ५३ आढळली. देश एक. साल एक. मुलांचं वयही एक. मग एवढा फरक कसा? एका ठिकाणची मुलं दुसऱ्या ठिकाणापेक्षा पाचपट निराळी असतील, हे पटत नाही. फरक शोधण्यात आहे. जिथं तपासणारे पुष्कळ, तिथं मुलं पुष्कळ सापडतात.

म्हणजे आकडा दोन कारणांनी वाढतो. एक, ती गोष्ट खरोखर वाढली तर. दुसरं, ती शोधण्याची रीत बदलली तर. आता ही रीत कशी बदलली, ते एकेक पाहू.

आधी नावच नव्हतं

सन १९४३ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात लिओ कॅनर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी ११ मुलांची हकीकत लिहून छापली आणि या अवस्थेचं वर्णन केलं. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्ना शहरात हान्स आस्पर्गर या डॉक्टरांनीही अशाच मुलांविषयी लिहिलं.

त्याआधी अशी मुलं नव्हती काय? होती. पण त्यांना कोणी मुकं म्हणे, कोणी वेडं म्हणे, कोणी झपाटलेलं म्हणे. आपल्याकडेही तसंच. अशा मुलाचं नाव शाळेच्या पटावर लागे. चार महिन्यांनी ते शाळेत येईनासं होई. पुढं वहीत 'शाळा सोडली' असा शेरा पडे. मग ते शेळ्यांमागे जाई, किंवा घराच्या कोपऱ्यात बसून राही. ज्याला नाव नाही, त्याची मोजणी कोण करणार?

जाळ्याची भोकं बारीक झाली

सन १९६६ मध्ये इंग्लंडातल्या मिडलसेक्स परगण्यात पहिली मोठी मोजणी झाली. तेव्हा १०,००० मुलांमागे चार-पाच मुलं स्वमग्न ठरली. पण तेव्हाचा नियम फार कडक होता. ज्या मुलाची अवस्था अगदी उघड दिसे, तेवढंच मोजलं जाई.

पुढं लंडनच्या डॉक्टर लोर्ना विंग यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. त्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. सन १९७९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी ज्युडिथ गूल्ड यांनी दाखवून दिलं, की कडक नियमात न बसणारी, पण त्याच अडचणी असलेली आणखी कितीतरी मुलं आहेत. हळूहळू नियम सैल झाले. १९८०, १९९४ आणि २०१३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या ग्रंथात व्याख्या बदलल्या. आता फार त्रास असलेलं मूलही मोजतात आणि थोडा त्रास असलेलंही मोजतात.

तापीत किंवा उकाईच्या फुगवट्यात जाळं टाकणाऱ्याला हे लगेच समजेल. मोठ्या भोकांच्या जाळ्यात फक्त मोठे मासे येतात. बारीक भोकांचं जाळं टाकलं, की लहान मासेही येतात. टोपली भरते. म्हणून कोणी "पाण्यात मासे पाचपट झाले" असं म्हणत नाही.

एका रकान्यातली नावं दुसऱ्या रकान्यात गेली

अमेरिकेत १९९० सालच्या कायद्यानं शाळांच्या नोंदीत स्वमग्नतेसाठी वेगळा रकाना झाला. मग त्या रकान्यातली नावं वाढू लागली. त्याच काळात पुष्कळ राज्यांत 'मंदबुद्धी' या रकान्यातली नावं कमी होऊ लागली. मुलं तीच होती. रकाना बदलला.

आपल्या देशातही असंच झालं. अपंगांसाठी १९९५ साली जो कायदा झाला, त्यात सात प्रकारचं अपंगत्व मानलं होतं. त्यात स्वमग्नतेचं नाव नव्हतं. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. त्यात ते नाव आलं. मग २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्यात २१ प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यातला एक आहे. आता दाखला मिळतो. दाखल्यावर मदत मिळते. म्हणून आईबाप पुढं येऊन मुलाचं नाव नोंदवतात. नाव नोंदलं, की आकडा वाढतो.

घरचंच उदाहरण घ्या

शोध घेतला की आकडा वाढतो, हे आपल्या नंदुरबार जिल्ह्याला निराळं सांगायला नको. आपण ते सिकलसेलच्या बाबतीत पाहिलं आहे.

सिकलसेल हा रक्ताचा आजार. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. सांधे ठणकतात. डोळे पिवळे दिसतात. थोड्या कामानं दम लागतो. हा आजार आईबापांकडून जन्मतःच येतो. आपल्या आदिवासी घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. जगात डॉक्टरांनी तो १९१० साली ओळखला. भारतात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या लोकांत तो आढळला. पण आपल्या सातपुड्यातला माणूस मात्र "हाडं दुखतात" एवढंच म्हणत राहिला. तो बडव्याकडे गेला, अंगारा लावला, आणि कित्येक तर तरुणपणीच गेले.

मग गावोगावी रक्त तपासणी सुरू झाली. बोटातून थेंबभर रक्त घेऊ लागले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीमही निघाली. तपासणी झाली तशी नावं वाढली. मग सिकलसेल अलीकडे पसरला काय? मुळीच नाही. जो आजार फक्त जन्मानं येतो, तो दहा-पाच वर्षांत असा उसळी मारू शकत नाही. आजार जुनाच होता. थेंबभर रक्त पाहणारा नवा होता.

स्वमग्नतेचं बरंचसं असंच आहे. फरक एवढाच, की स्वमग्नता रक्त तपासून कळत नाही. जाणकार माणसाला मुलाकडे तासभर नीट पाहावं लागतं आणि आईला प्रश्न विचारावे लागतात. म्हणून तिची मोजणी जास्त कठीण आहे आणि म्हणूनच वादही जास्त आहे.

मग खरी वाढ मुळीच नाही काय?

असंही म्हणता येत नाही. दुसरी बाजूही ऐकली पाहिजे.

डेन्मार्क देशात प्रत्येक माणसाची नोंद सरकारी वहीत असते. तिथं १९८० ते १९९१ या काळात जन्मलेल्या मुलांचा हिशेब करून पाहिला. तो २०१५ साली छापला. वाढीचा सुमारे ६० टक्के भाग नियम आणि नोंदीची रीत बदलल्यामुळं झाला, असं त्यात दिसलं. म्हणजे १०० पैशांतले ६० पैसे मोजणीचे. बाकीच्या ४० पैशांचं काय? तिथंच खरा वाद आहे.

त्याच वर्षी स्वीडन देशातला एक अभ्यास निघाला. तिथं दहा वर्षांत जन्मलेल्या जुळ्या मुलांच्या आईबापांना तेच ते प्रश्न विचारले होते. लक्षणं असलेल्या मुलांचं प्रमाण दहाही वर्षं जवळजवळ सारखंच निघालं. पण त्याच काळात डॉक्टरांच्या वहीतल्या नोंदी मात्र वाढत गेल्या. मापाची काठी तीच ठेवली, तेव्हा वाढ दिसली नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तरी दोन-तीन कारणं अशी आहेत, की ज्यांमुळं थोडी खरी वाढ झाली असू शकेल. पुष्कळ देशांत लग्नं उशिरा होतात. आईबापांचं, त्यातही बापाचं वय जास्त असलं, तर मूल स्वमग्न होण्याचा संभव थोडा वाढतो. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेली बालकं पूर्वी दगावत. आता ती वाचतात. अशा बालकांत स्वमग्नता थोडी जास्त आढळते. ती वाचली हे चांगलंच झालं.

तेव्हा आजवरचा निवाडा असा: वाढीचा मोठा भाग मोजणीचा आहे. थोडा भाग खरा असू शकतो. तो किती, यावर जाणत्यांचं एकमत नाही. ज्याला नक्की जाणायचं असेल, त्यानं एकच नियम, एकच वय आणि एकच रीत धरून पुन्हा पुन्हा मोजलं पाहिजे. दोन निरनिराळ्या मापांनी मोजलेल्या धान्याची तुलना करून पीक वाढलं की घटलं ते कळत नाही.

कावळा बसला आणि फांदी मोडली

सन १९९८ मध्ये लंडनच्या एका डॉक्टरानं अवघ्या १२ मुलांवरून एक लेख छापला. गोवराच्या लशीचा आणि स्वमग्नतेचा संबंध असावा, असं त्यानं सुचवलं. जगभर घबराट झाली. पुढं चौकशीत त्याची लबाडी उघडी पडली. २०१० साली तो लेख रद्द झाला आणि त्याची डॉक्टरकी काढून घेतली गेली. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला. तो २०१९ साली छापला. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता जास्त आढळली नाही.

मग लोकांना तसं का वाटतं? आपल्याकडे गोवराची लस नवव्या ते बाराव्या महिन्यात देतात. दुसरा डोस सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात देतात. नेमकं याच वयात मूल बोलत नाही, हाकेला वळत नाही, हे आईच्या लक्षात येऊ लागतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. म्हणून कावळ्यानं फांदी मोडली असं होत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं गरोदरपणी घेतलेल्या पॅरासिटामॉल गोळीकडे बोट दाखवलं. पण स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांचा हिशेब २०२४ साली छापला गेला होता. त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा असा संबंध दिसला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेनंही असा संबंध सिद्ध झालेला नाही, असं सांगितलं. गरोदर बाईला ताप आला तर तो अंगावर काढू नये. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

भीतीची किंमत काय असते? २०२२ साली मुंबई, भिवंडी, मालेगाव इथं गोवराची साथ आली. मुलं दगावली. गोवर जीव घेतो. स्वमग्नता जीव घेत नाही. खोट्या भीतीपायी लस टाळणं, म्हणजे नसलेल्या सापाला भिऊन विहिरीत उडी घेणं.

आपल्या जिल्ह्याचं काय?

आपल्या देशात पाच ठिकाणी एक चांगली पाहणी झाली. ती २०१८ साली छापली गेली. हिमाचलातलं डोंगराळ कांगडा, हरियाणातलं पलवल, ओडिशातला ढेंकानाल हा आदिवासी भाग, हैदराबाद शहर आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा, ही ती पाच ठिकाणं. दोन ते नऊ वर्षांची सुमारे चार हजार मुलं तपासली. त्यात शंभर मुलांमागे साधारण एक मूल स्वमग्न आढळलं.

आता हिशेब करा. ज्या गावात ३०० मुलं आहेत, तिथं अशी तीन मुलं असू शकतात. तुमच्या गावात अशी किती मुलं दाखल्यावर आहेत? बहुतेक गावांत एकही नसेल. मग ती कुठं आहेत?

ती घरात आहेत. धडगावच्या पाड्यावर आहेत, अक्कलकुव्याच्या डोंगरात आहेत, नवापूर-तळोद्यात आहेत. शहरात लोक म्हणतात, "नोंदी फार वाढल्या." आपली अडचण उलटी आहे. आपल्या नोंदी होतच नाहीत.

याची कारणंही आपल्याला ठाऊक आहेत. दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं, तेव्हा मूल उसाच्या फडात असतं. घरी पावरी किंवा भिल्लोरी बोलतात आणि डॉक्टर मराठीत विचारतात. मूल बोललं नाही, तर त्याला भाषा कळली नाही की काही अडचण आहे, हे समजत नाही. मुलींचं तर विचारूच नका. मुलगी गप्प राहिली, तर लोक म्हणतात, "पोर गरीब आहे, शहाणी आहे." म्हणून मुलींची अडचण जास्त झाकली जाते.

काय करावं?

मूल एक वर्षाचं झालं तरी हाकेला वळत नाही, बोटानं वस्तू दाखवत नाही. सोळा महिन्यांचं झालं तरी एकही शब्द बोलत नाही. दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही. किंवा येत असलेलं बोलणं बंद झालं, तर वाट पाहू नका. "बाप पण उशिराच बोलला होता" असं म्हणून वेळ घालवू नका.

आशाताईला किंवा अंगणवाडीताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. पथकाला मूल दाखवा. गावाला जाणार असाल, तर आधीच आरोग्य केंद्रात न्या. पहिल्यांदा कान तपासून घ्या. घरात कोणती भाषा बोलतात, ते डॉक्टरांना सांगा. दाखला आणि दिव्यांगाचं ओळखपत्र कसं काढायचं, ते जिल्हा रुग्णालयात विचारा. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असला, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची योजना आहे. तिच्यात एक लाख रुपयांपर्यंत आजारपणाचा विमा मिळतो.

स्वमग्नता घालवणारं औषध नाही. जो कोणी बाटली, गंडा किंवा इंजेक्शन देऊन बरं करतो म्हणेल, त्याला बकरी विकून पैसे देऊ नका. मुलाला खाटेला बांधू नका. त्याच्यासमोर बसून सावकाश बोला. एक काम रोज त्याच वेळी, त्याच रीतीनं शिकवा. आधी पाणी पिणं, मग आंघोळ, मग भाकरी, असा क्रम ठेवा. लवकर सुरुवात केली तर अशी मुलं पुष्कळ शिकतात.

आणि ग्रामसभेत विचारा: आपल्या गावात तपासणीचं पथक शेवटचं कधी आलं? किती मुलं पाहिली? जी परगावी होती, त्यांना पुन्हा कधी पाहणार? शहाण्यांचा वाद चालू राहू द्या. आपल्या पाड्यावरचं एकही लेकरू मोजणीतून सुटू नये, एवढं आपल्या हातात आहे.

वाचून झाल्यावर आपसात बोला:

१. नोंदी वाढल्या म्हणजे आजार वाढलाच, असं का म्हणता येत नाही?

२. लशीचा आणि स्वमग्नतेचा संबंध लोकांना का वाटतो?

३. आपल्या गावातली कोणती मुलं तपासणीच्या वेळी गावात नसतात? त्यांच्यासाठी काय करता येईल?